म्हशीवर बसून महादेवाला

त्या वैशाखात माझं देवाशी बोलणं बंद होतं. हिवाळ्यात मला मोठा ताप आला आणि शुद्धीवर आले तेव्हा डावा पाय लुळा पडलेला. जागेवर होता, पण हलवावा म्हटलं तर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राही. मालकांनी गाडीत कडबा अंथरून मला माहेरी आणून सोडलं. "बरी झालीस की न्यायला येतो," म्हणाले. ते मनापासून म्हणाले हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. बरी झालेच नाही तर? हकीमसाहेबांनी तेलं दिली, काढे दिले आणि शेवटी आईला म्हणाले, "बाई, दवा झाली. आता दुवा करा." आई सकाळ-संध्याकाळ दुवा करी. मी मात्र भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून असे. लहानपणापासून ज्याच्या पोथ्या वाचल्या, त्याला माझा पाय सांभाळता आला नाही, मग त्याच्याशी बोलायचं तरी काय?

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माझ्या दोन्ही बालमैत्रिणी माहेरी आल्या. गोदी कोळ्याची, माशासारखी पोहणारी, आवाज असा की नदीच्या पलीकडून ऐकू यावा. अनसा पाटलाच्या मळ्यातली, अंगानं भरलेली, सगळ्याला भिणारी आणि सगळीकडे यायला तयार असणारी. दोघी माझ्या उशाशी बसल्या. अनसा डोळे पुसू लागली. गोदीनं मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "काहून पडून राह्यलीस गं? चालता येत न्हाई तर पाण्यात चल. पाण्यात पायाचं कामच काय हाय?"

आमचं गाव गंगेच्या काठावर. आमच्या मोगलाईत गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. गावाच्या खाली, नदी जिथे मोठं वळण घेते, तिथे उंचवट्यावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. उन्हाळ्यात गंगा शांत असते, कुठे गुडघाभर, कुठे डोह, मधूनमधून वाळूची बेटं. गोदीचा बेत असा की तिघींनी सकाळी पाण्यात उतरायचं, वाहत वाहत देवळापाशी जायचं, दर्शन घ्यायचं, जेवायचं आणि उन्हं कलल्यावर गाडीनं घरी यायचं. त्या दोघी कमरेला भोपळे बांधणार आणि मला बाजेवर बसवणार. बाजेच्या चारी खुरांना भोपळे बांधले की झाली होडी. पावसाळ्यात कोळी अशीच माणसं पैलतीराला नेतात.

"मला नाही यायचं," मी म्हणाले.

"तुला कोन इचारतंय? बाज येनार हाय. तू तिच्यावर हायेस म्हनून तू बी येनार."

किती दिवसांनी मला हसू आलं! आईनं चुलीपुढून ते ऐकलं. मला वाटलं, ती नको म्हणेल. चुलते तर ओरडलेच, बायकांनी असलं काही करू नये म्हणाले. पण आई पदर सावरत बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, "जाऊ द्या भावजी. ती हसली आत्ता."

मग घरात नुसती धांदल उडाली. गोदीनं गावभरच्या माळ्यांवरून वाळलेले भोपळे गोळा केले. एकेक भोपळा आमच्या आडाजवळच्या हौदात दाबून बघायचा, बुडबुडा आला की बाद. अनसानं धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं ते इतकं, की आई म्हणाली, "अगं, महादेवाच्या गणांना पण जेवायला बोलावलंय का?" गोदीचा भाऊ किसन याच्याकडे गाडी. त्यानं धपाटी, दही, चटणी, कोरडी लुगडी घेऊन रस्त्यानं देवळापाशी जायचं ठरलं. अनसा दर घटकेला नवी शंका काढी. मगर असली तर? मगर नसली पण साप असला तर? "साप असला तर त्याला धपाटं दे," गोदी म्हणे. मी बाजेवर बसून दोऱ्या वळत होते. कितीतरी दिवसांनी माझ्या हातांना काम होतं.

निघालो ती सकाळ फार सुंदर होती. पाणी कोमट, वर टिटव्या ओरडत होत्या, वाळूत लावलेल्या वेलांच्या वाड्यांतून खरबुजांचा वास येत होता. कासोटे घालून गोदी आणि अनसा बाजेच्या दोन बाजूंना धरून पोहत होत्या आणि मधोमध मी एखाद्या जहागीरदारणीसारखी बसले होते. वाडीवाल्यानं एक खरबूज पाण्यातून आमच्याकडे ढकलून दिलं, ते गोदीनं दातांनीच फोडलं. अनसाची भीती कधीच पळाली होती आणि ती मोठ्यानं ओव्या म्हणत होती.

देवळाचं शिखर दिसू लागलं आणि डोह लागला. तिथे पाण्याखाली एक कातळ होता, तो गोदीलाही दिसला नाही. बाजेचा एक खूर त्याच्यावर आपटला, भोपळा फुटला, बाज कलंडली आणि मी पाण्यात पडले. बाज उलटी होऊन त्या दोघींना घेऊन एकीकडे गेली, मला धारेनं दुसरीकडे ओढलं. गोदीची हाक ऐकली. मग नाकातोंडात पाणी. मी हात मारत होते, उजवा पाय झाडत होते, आणि जितकं झाडावं तितकी खाली जात होते. मनात एकच विचार आला, की आई आज चुलत्यांना काय उत्तर देईल.

तेवढ्यात काठावरून कुणीतरी खेकसलं, "आगं ए बाई! हातपाय झाडू नको! आंग सोड! उतानी हो, उतानी!"

आवाजात माया नव्हती, वैताग होता. पण मी ऐकलं. का ऐकलं ते आजही मला सांगता येत नाही. मी अंग सोडून दिलं. कान पाण्यात गेले आणि सगळा गलबला थांबला. वर निळं आभाळ. माझे दोन्ही पाय एकसारखेच हलके झाले होते. पाण्यानं मला खालून हात लावावा तशी मी वर आले. ओठांवर देवाचं नाव आलं, महिन्यांनंतर, आणि त्याच्यापुढे काही मागणं नव्हतं. नुसतं नाव.

मग माझ्या कुशीला काहीतरी लागलं. काळं, ओलं, मोठं. एक म्हैस फुसफुसत डोह पार करत होती. मी तिच्या शिंगाला मिठी मारली. तिनं मान एकदा झटकली आणि बहुतेक माझा नाद सोडून दिला. ती काठाला लागली तेव्हा मीही लागले.

काठावर एक म्हातारा गवळी काठी टेकून उभा होता. "म्हस बुजली असती म्हंजी?" हे त्याचं पहिलं वाक्य. मी खोकत होते, रडत होते, हसत होते. त्यानं आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं, गाडग्यातलं ताक प्यायला दिलं आणि आपल्याशीच पुटपुटला, "रोज वरल्या उताराला पाजतो मी. आज ही म्हातारी ऐकंचना. हिकडंच वढ घेतली. म्या लई हानलं तिला, पर न्हाईच." एवढं बोलून तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मीही हात लांबवून तिच्या ओल्या अंगाला लावला. बोलण्यासारखं त्यानंच सगळं सांगितलं होतं.

गोदी आणि अनसा धावत आल्या. गोदी, जी कधी रडत नाही, ती माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. देऊळ समोरच होतं, पण चढ मोठा. दोघी मला उचलू लागल्या, तर गवळी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. हिच्यावरच बसवा. आता वळख झाली हाय तिची." त्यांनी मला म्हशीवर बसवलं. अर्ध्या चढावर अनसाला एकाएकी सुचलं, "आगं बया, यमाच्या वाहनावर बसून महादेवाला चाललीस की तू!" त्यावर गोदी जी हसायला लागली ती थांबेना. मीही हसू लागले. गुरव अंगण झाडत होता, त्याच्या हातातला झाडू गळून पडला.

गाभाऱ्यात दोघींच्या खांद्यांवर हात टाकून मी वाकले. काय काय विचारणार होते मी त्याला! एकही प्रश्न आठवेना. माझ्या केसांतून गंगेचं पाणी पिंडीवर ठिबकत होतं आणि अनसा अजून तोंडात पदर कोंबून हसत होती. तोच आमचा अभिषेक.

किसन धपाटी घेऊन बसलाच होता. गवळ्याला आम्ही आग्रह करून वाढलं. त्यानं चार खाल्ली, दोन म्हशीला घातली.

माझा पाय काही बरा झाला नाही. पण त्याच आठवड्यात मी किसनच्या हाती मालकांना निरोप धाडला, "पाय आहे तसाच आहे. न्यायला या." ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हातच आले. काठी टेकत मी संसार केला, मुलं वाढवली, आणि पाय लुळा म्हणून माझं काही अडलं नाही असं म्हणणार नाही, पुष्कळदा अडलं. अडलं की पूर्वी मी हातपाय झाडायची. आता तसं होऊ लागलं की क्षणभर डोळे मिटून अंग सोडून देते, आणि ज्यानं मला त्या डोहात धरलं त्याच्यावर माझा भार टाकते. त्यानं तो आजवर कधी खाली ठेवलेला नाही.