चिखलातली हजेरी

आमचे गुरुजी पोरांनाही जी लावत. "बसा जी, लिहा जी." छडी होती, पण ती खिडकीला अडसर म्हणून लावलेली. इंग्रजांच्या राज्यातली ती एका खोलीची शाळा. भाताची रोवणी लागली की सारी पोरं बांधीत, चिखलाच्या शेतात. त्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते; हजेरी कमी दिसली तर शाळा बंद. गावचा जमीनदार, मालगुजार म्हणाला, "हजेरी लिहून टाका ना गुरुजी, कोण पाहून राहिला?"

"मी पाहून राहिलो ना," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धोतर खोचून ते आमच्यासोबत चिखलात उतरले. भाताचे पऱ्हे रोवता रोवता पाढे चालले. शेजारच्या ओळीत रोवणारी माझी माय हसली, "गुरुजी, पाढा सरळ अन् ओळ वाकडी काऊन जी?" तेही हसले, पण पाढा सोडला नाही.

तेवढ्यात साहेब आले. मालगुजार शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडला, "गुरुजी, वर या!"

"शाळा सुरू आहे," गुरुजी वाकलेलेच म्हणाले.

साहेबांनी शाळेतून हजेरीची वही आणवली. मग धुऱ्यावरच वही उघडून त्यांनी नावं पुकारली आणि आम्ही चिखलातून 'हजर' म्हणत गेलो. शाळा राहिली. पुढच्या वर्षी मी ती सोडली, माझ्याच हट्टानं. पण त्या दिवशी मी हजर होतो, हे कोणी खोडू शकत नाही.