अर्पणपत्रिकेचं पान

आमच्या प्रकाशनात पानांची मांडणी करणाऱ्या बाईंना आम्ही मोजपट्टी म्हणायचो, तेही तोंडावर. समास केसभर हलला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नवे लेखक आले की त्यांना धंद्यातले शब्द शिकवायचं काम आपसूक त्यांच्याकडे जायचं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं, मलपृष्ठ म्हणजे पुस्तकाची पाठ, आणि त्या पाठीवरचं कौतुक म्हणजे, इथे माझ्याकडे बोट दाखवून, "यांच्या थापा." तो मजकूर मी लिहितो.

लेखकाकडून मजकूर यायचा राहिला की त्या जागी तात्पुरतं काहीतरी घालून पान जुळवावं लागतं. आम्ही त्याला भरताड म्हणतो. बाकी सगळे तिथे कखगघ ठोकून मोकळे होतात. बाईंना ते बघवायचं नाही. पुस्तक कुणाला वाहिलं ते सांगणारी अर्पणपत्रिका रिकामी असली, की त्या दर वेळी एकच ओळ टाकायच्या: 'वडिलांस, ज्यांनी बोट धरून वाचायला शिकवलं.' त्यांचे स्वतःचे वडील तसे होते.

यंदा तीच ओळ छापली गेली. कखगघ असतं तर छपाईवाल्यानंसुद्धा फोन केला असता. इतकं नेटकं वाक्य कोण अडवणार? लेखिकाबाईंनी खरी अर्पणपत्रिका उशिरा का होईना, पाठवली होती. बाईंनी ती वाचली, "छान" असं उत्तरही दिलं, आणि पानात घालायची विसरल्या.

पुस्तक एका निवृत्त शिक्षिकेचं, आयुष्यातलं पहिलं. वडील दोन लेकींना टाकून निघून गेले, थोरलीनं शाळा सोडून धाकटीला शिकवलं, त्याची हकिकत. अर्पण अर्थातच थोरलीला. आधी तिनंच उघडावं म्हणून धाकटीनं कोरी प्रत तशीच तिच्या हातात दिली. थोरलीनं ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि बहिणीशी बोलणं टाकलं. धाकटीनं जीव तोडून सांगितलं, पण ती काही ऐकायला तयार नव्हती.

हे कळलं तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक म्हणाले, एवढं काय त्यात, पान कापू, नवं चिकटवू. "प्रतींचं नाही हो," एवढंच त्या बोलल्या. डबा उघडला नाही, कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. मी एकदा थट्टा करून पाहिली आणि माझी मलाच लाज वाटली.

शेवटी त्या थोरलीकडे स्वतः जायला निघाल्या. पाय मागे फिरू नयेत म्हणून मला बरोबर घेतलं. लेखिकाबाई खाली जिन्यापाशीच थांबल्या, कारण त्यांना वर यायची मनाई होती.

थोरली खिडकीजवळ बसून उशीची खोळ शिवत होती. बाईंनी नवं छापलेलं पान तिच्यापुढे ठेवलं.

"आजी, चूक माझी आहे. तुमच्या बहिणीनं तुमचंच नाव दिलं होतं. ती ओळ मी नुसती जागा भरायला टाकली होती."

"जागा भरायला नेमके वडीलच सुचले?"

"माझे वडील होते ते डोळ्यांपुढे. मी दर वेळी तेच लिहिते."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं बाईंचा हात हातात घेतला. मला वाटलं, विरघळली.

"तिनं पाठवलंय ना तुला? लहानपणीही तसंच. काच फोडायची ही, आणि कबूल करायला यायची शेजारची पोर."

"नाही हो, शपथ घेऊन सांगते, मीच..."

"खरं आहे त्यांचं," मी मध्ये पडलो. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असू दे. दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला मोठं मन लागतं. गुणाची आहेस. तुझ्या वडिलांनी वळण चांगलं लावलंय." आणि तिनं ते नवं पान घडी घालून बाईंना परत दिलं.

इतकी वर्षं मी कौतुकं लिहितोय, पण कौतुकानं एखाद्याची मान एवढी खाली गेलेली पाहिली नव्हती. आम्ही जिना उतरलो. खाली लेखिकाबाई कठडा धरून उभ्या होत्या.

"काय म्हणाली ताई?"

"मला गुणाची म्हणाल्या," बाई म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या.