प्राचार्य प्रो टेम

आता माझ्या फजितीचं काय सांगू तुम्हाला! माणसाचं हसं होतं, पण ते फ्लेक्सवर छापून चौकात टांगलेला माणूस अख्ख्या सोलापुरात मी एकटाच.

मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. आमचे प्राचार्य गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले आणि मला संस्थेचं इंग्रजी पत्र आलं. आपली नेमणूक ‘प्रिन्सिपल प्रो टेम’ म्हणून झाली आहे. प्रिन्सिपल कळलं. प्रो टेम बापजन्मात ऐकलं नव्हतं. मोबाईलवर अर्थ बघता आला असता, पण इंग्रजीच्या मास्तरानं शब्दाचा अर्थ शोधायचा? स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

तेवढ्यात क्लार्क मल्लिनाथनं विचारलंच, “सर, ही प्रो टेम म्हंजे काय वो?”

“साध्या प्रिन्सिपलच्या वरची पोस्ट. लॅटिन आहे ते.”

लॅटिन हा माझा अंदाज होता. तेवढा मात्र बरोबर निघाला.

संध्याकाळपर्यंत बातमी बायकोच्या माहेरी, करकंबला पोचली. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं सोलापुरात येऊन आमच्या चौकात फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला मी आणि ‘प्राचार्य प्रो टेमपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली अकरा शुभेच्छुक, त्यातल्या एकानंही कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बायको शेजारच्या पोरीला सांगायला लागली, अभ्यास कर, तूही प्रो टेम होशील. मी? मी केबिनबाहेरची पाटी बदलून घेतली.

मग महिन्याभरानं एका रविवारी माझा सत्कार ठरला. हॉल भरला. प्राचार्य काठी टेकत आले. बिचारे अभिनंदनाला आले असतील म्हणून मी मोठ्या मनानं त्यांना स्टेजवर बसवलं. माझ्या खांद्यावर चादर पडली आणि त्यांनी शांतपणे माईक घेतला.

“प्रो टेम म्हणजे तात्पुरता. मूळ माणूस परत येईपर्यंत. मी कालच संस्थेत जाऊन रुजू झालोय. तेव्हा आज सत्कार कुणाचा चाललाय, तेवढं सांगा.”

पहिला मल्लिनाथ हसला, मग सगळा हॉल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माझी चादर काढून मीच प्राचार्यांच्या खांद्यावर घातली.

बाहेर येऊन मेव्हण्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता तो फ्लेक्स उतरव. त्यानं जरा विचार केला.

“दाजी, ऱ्हाऊ द्या की. प्रो टेम हितं कुणाला कळतंय? फकस्त खाली ‘इंग्रजीचे गाढे विद्वान’ लिवलंय, तेवढं झाकू.”