दादूमास्तरांचा गाल

"पान मी रोज खातो. काल काय ते नवं खाल्लं?"

"खा ना, मामा. पण मी काठी उचललेली असताना?"

"तुझ्या काठीकडे बघतो कोण?"

"तेच तर! दोन वर्षं झाली, अजून सगळ्यांचे डोळे तुमच्या तोंडाकडे."

"मग तोंड काढून खुंटीला टांगू काय, जावईबापू?"

हे सकाळपासून चाललं होतं. सगुणा चुलीपुढे पेज ढवळत होती. नवरा, महिपत, ओटीवर फेऱ्या घालत होता. वडील, दादूमास्तर, माजघराच्या उंबऱ्यात बसले होते. दोघांचं बोलणं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं.

दादूमास्तरांनी पंचवीस वर्षं बँड चालवला. रत्नागिरीत लग्न असो, गणपती असो, क्लॅरिनेट घेऊन ते सगळ्यांच्या पुढे. नोटेशन त्यांना ठाऊक नव्हतं. ते श्वास भरून घेत, डावा गाल लिंबाएवढा फुगे, की बाराच्या बारा माणसं एकदम सुरू होत. गाल बसला की थांबत. बँडमधला प्रत्येक जण याच शाळेत शिकला होता.

महिपत मुंबईत मुक्या चित्रपटांच्या काळात पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा. बोलपट आले तेव्हा त्याने दोन बोलपटांना चाली दिल्या, जाहिरातीत त्याचं नाव छापून आलं. तिसऱ्याच्या वेळी कंपनीने अर्ध्यातच दुसरा माणूस आणला. महिपत बायकोला घेऊन बोटीने सासुरवाडीला उतरला. थोड्या दिवसांसाठी म्हणून आला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. बोलपटांचा संगीतकार आपल्या बँडला! दादूमास्तरांनीच कौतुकाने त्याला पुढे उभं केलं. महिपतने दोन फिडली आणल्या, ऑर्गन आणला, बँडचा ऑर्केस्ट्रा केला आणि हातातल्या काठीच्या इशाऱ्यावर तो वाजवून घेऊ लागला. रविवारी संध्याकाळी मांडवी बंदराच्या वाळूत माणसं चटया घेऊन येऊ लागली. तो आपल्या बोलपटांतली गाणी वाजवी आणि लोक ती गुणगुणत घरी जात. रविवारी रात्री तो दोन घास जास्त जेवत असे. आठवड्यातल्या त्या दीड तासाशिवाय त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं, हे सगुणेला कळत होतं.

शिमग्यानंतर दादूमास्तरांचे पुढचे दोन दात पडले. क्लॅरिनेट मध्येच किंचाळू लागलं. महिपतने त्यांचं वाजवणं बंद करून त्यांना मानाची म्हणून कडेला खुर्ची दिली. काल नव्या गाण्यासाठी त्याने काठी वर धरली. लोक गप्प झाले. त्याच वेळी खुर्चीवर रुसून बसलेल्या म्हाताऱ्याने पानाचा विडा डाव्या गालात सारला. कॉर्नेटवाला करीम सुरू झाला, त्याच्यामागून ढोल, त्याच्यामागून निम्मी माणसं. उरलेली काठीकडे बघत बसली. मग तीही घाईघाईने घुसली. वाळूतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, थुंका, म्हणजे थांबतील!" अख्खी मांडवी हसली.

"तुम्ही मुद्दाम केलंत," महिपत म्हणाला.

"मुद्दाम? अरे, दात पडले म्हणून तू मला बसवलंस. माझे दात मोजायला तुला सांगितलं कोणी?"

सगुणेचा हात थांबला. "मी सांगितलं, आबा. तुमची भाकरी मी कालवणात भिजवून देते. मला ठाऊक नसणार?"

म्हातारा तिच्याकडे वळला. "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, या घरात परका एकच आहे."

 महिपतच्या ओटीवरच्या फेऱ्या थांबल्या.

दुपारी करीम आला आणि अंगणातच उभा राहिला. बँडमधल्या सगळ्यांनी त्याला पाठवलं होतं.

"आमचं काय, सवयीचं आहे," तो म्हणाला. "काठी दिसते, पण हात उठत नाही. मास्तरांना पुढे बसवा. क्लॅरिनेट तोंडाला लावून बसू देत. फुंकायला नको. नुसता गाल भरायचा."

"मी काय फुगा आहे रे?" दादूमास्तर आतून म्हणाले.

सगुणेला वाटलं, आता महिपत करीमला अंगणाच्या बेड्याबाहेर काढणार. महिपतने खाली बघितलं. "चालेल," तो म्हणाला. "मामा, नुसता गाल. मी काठी खाली आणेन तेव्हा."

दादूमास्तर उंबऱ्यापर्यंत आले. "पुढच्या खुर्चीवर?"

"पुढच्या."

करीम निघाला. सगुणा भांडी घासायला मागीलदारी गेली. परत आली तेव्हा माजघरात बोलणं ऐकू आलं, म्हणून तिने दारातून बघितलं. वडील भिंतीवरच्या आरशासमोर उभे होते. त्यांनी श्वास भरला. डावा गाल फुगला, थरथरला, आणि दातांच्या फटीतून फुस्स करून वारा निघून गेला. महिपत शेजारी उभा राहून बोटावर मात्रा मोजत होता.

"दोनच झाल्या, मामा. चार धरायच्या आहेत. ओठ घट्ट मिटा."

"मिटतो, मिटतो. थांब."

पुन्हा गाल फुगला. पुन्हा बसला. म्हाताऱ्याच्या हनुवटीवर लाळ आली होती, ती महिपतने आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली आणि म्हणाला, "परत."

रविवारी अख्खी मांडवी या दोघांना हसणार, हे सगुणेला दिसलं. ती तशीच मागे फिरली. करीम अजून रस्त्यात कोणाशी तरी बोलत उभा होता. तिने हाक मारून त्याला परत बोलावलं आणि कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. बँडची सगळी वाद्यं तिच्या घरच्या पडवीत कुलपात असत.

"सगळी वाद्यं आत्ताच्या आत्ता तुझ्या घरी ने."

"ताई, मास्तरांना विचारलंत?"

"विचारायचं असतं तर तुला हाक मारली नसती. आणि तुझ्याकडे बघून वाजवायला शिकव बँडमधल्यांना."

पडवीतून ढोल बाहेर काढताना आवाज झाला, पण आतल्या दोघांना तो ऐकू गेला नाही. ते मात्रा मोजत होते.

संध्याकाळी तिने दोघांची पानं शेजारी शेजारी मांडली. वडिलांच्या पानात मऊ भात, नवऱ्याच्या पानात भाकरी. दोघे बसल्यावर वाढता वाढता ती म्हणाली,

"पडवी रिकामी केली आहे. रविवारपासून बँड करीम चालवील. या घरातून मांडवीला कोणी जायचं नाही."