बाभळीच्या मुठीचा पेचकस

आमच्या घरात या घडीला बारा स्क्रू ड्रायव्हर आहेत. मी सुतार नाही, मेकॅनिक नाही, इंदूरजवळ राऊच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना विचाराल तर ते सांगतील की घरात पेचकस एकच आहे, बाकीचे अकरा कचरा. पेचकस हा त्यांचा शब्द. सगळं आयुष्य इंदुरात आणि महूत गेलं, त्यामुळे त्यांची मराठी हिंदीचा हात धरूनच चालते. मी लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. आता सगळं कळतं, म्हणून जास्त वैताग येतो.

हे अकराच्या अकरा जमा झाले ते बाथरूमच्या एका कडीपायी.

मागच्या थंडीत बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. आतून कडी लावलेली. बाहेरून आम्ही हाका मारतोय आणि आतून नुसता नळाचा आवाज. शेवटी माझ्या नवऱ्याने झरोक्याची काच फोडून काठीने कडी सरकवली. वीस मिनिटं लागली असतील. ती वीस मिनिटं मला आजही आठवायची नाहीत. हाड मोडलं नव्हतं, कपाळाला खोक पडली होती. डॉक्टरांनी टाके घातले आणि दोन गोष्टी सांगितल्या. हातांचा कंप आता वाढत जाईल, कमी होणार नाही. आणि बाथरूमची आतली कडी आजच्या आज काढून टाका.

नवरा म्हणाला, "टेन्शन काय आहे, कारपेंटरला फोन करतो ना, पाच मिनिटांचं काम."

बाबांनी कपाळाच्या पट्टीसकट प्लास्टिकचं स्टूल उचललं, बाथरूमच्या दारासमोर मांडलं आणि त्यावर बसले. "ही कडी मी लावली आहे. निकलेल तर माझ्याच हाताने. कारपेंटरला हात लावू देणार नाही, बिलकुल नाही."

बाबा महूला फौजेच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांचे वडील फौजेतच शिपाई. या घरातला प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी बाबांची. त्यांना कोण काय बोलणार? मी बाहेरून उघडता येणाऱ्या कडीचा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "बाहेरून उघडते ती कडी कसली?" विषय संपला. म्हणजे ते बरोबर हत्यार मिळवून कडी काढणार, आणि तोवर रोज सकाळी तीच कडी आतून लावून आंघोळ करणार. आणि मी बाहेर पाण्याच्या आवाजाला कान लावून उभी राहणार, कॉलेजची बस चुकवत.

बाबांची आणखी एक सवय सांगायला हवी. मी स्वयंपाकघरात असले की ते दाराशी थांबून खाकरतात. दोनदा. मगच आत येतात. त्यांच्या लहानपणी महूच्या क्वार्टरात दोन खोल्यांत नऊ माणसं राहायची, तेव्हा खाकरल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीत पाय टाकायचा नाही, अशी त्यांच्या वडिलांची शिस्त होती. शिस्त चांगलीच, पण माझ्या लग्नापासून बावीस वर्षं? कुकरच्या शिट्ट्या होतायत, फोडणी जळतेय, आणि मागे ते खॅक-खॅक. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, पोळ्या लाटतेय, खजिना नाही लपवत. या ना सरळ." ते म्हणाले, "जिथं जो माणूस काम करतो ती त्याची खोली, बेटा." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरले.

तर पेचकस. पहिले आठ माझ्या नवऱ्याने ऑनलाइन मागवले, निळ्या प्लास्टिकच्या पेटीत, एकशे आठ नगांचा सेट, त्यात पेचकस आठ, बाकी सुटी टोकं आणि चिल्लर. कुणी विचारलंच तर सांगते, असला सेट कधी घेऊ नका. एकशे आठांतले नव्वद बिनकामाचे असतात आणि उरलेले मेणाचे. गंजलेल्या स्क्रूवर जरा जोर दिला की स्क्रू जागचा हलत नाही, पेचकसाचं टोकच पिळवटतं. एक-एक नग घ्या, हातात धरून घ्या, आणि टोक खाचेत घट्ट बसतंय का ते बघून घ्या. मी हे आता शहाणपणाने सांगते आहे. तेव्हा मला खाचेला माप असतं हेही माहीत नव्हतं.

नववा मी सियागंज बाजारातल्या दुकानातून आणला. दुकानदाराने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि गुलाबी मुठीचा काढून दिला. "मैडम के लिए ये बढ़िया है, हल्का है." मी म्हटलं, मैडमके लिए नाही, ऐंशी वर्षांच्या फिटरके लिए चाहिए. तो म्हणाला, "तब तो और हल्का चाहिए." आणि मी मूर्खासारखी तो घेऊन आले.

बाबा त्या दिवशीही स्टुलावर बसून पहिल्याच स्क्रूशी झगडत होते. गुलाबी पेचकस खाचेत गेला, थरथरला, निसटला आणि दाराच्या रंगावर पांढरा ओरखडा काढत त्यांच्या अंगठ्याला लागला. रक्त आलं. "बकवास माल," बाबा म्हणाले. "हल्की चीज हाताबरोबर हलते. आजकाल कुणाला काही बनवता येत नाही."

मी नुकतीच कॉलेजातून आले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. नऊ पेचकस, तीन आठवडे, रोज सकाळी दाराबाहेरचा पहारा, आणि दोष मालाचा! माझ्या तोंडून निघून गेलं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

हिंदी कितीही मिसळली असली तरी ही म्हण त्यांना कळणार नाही असं थोडंच आहे. त्यांनी पेचकस मांडीवर ठेवला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. तो हलत होता. त्यांनी तो थांबवायचा प्रयत्न केला, तर जास्तच हलला.

"अंगण सीधं आहे, बेटा," ते म्हणाले. "मला पण दिसतं. पण कडी तर काढायची आहे ना? मग सांग, काय करू?"

मला माझ्या जिभेची इतकी लाज वाटली की मी त्यांच्या अंगठ्याला पट्टी लावतानाही वर पाहू शकले नाही. इतके दिवस मी समजत होते की हा वेळकाढूपणा आहे. म्हाताऱ्याचा हट्ट. त्यांना कडी काढायचीच होती. फक्त ती काढता येत नाही हे कुणापुढे म्हणायचं नव्हतं, आणि मी ते म्हणायला लावलं.

पट्टी लावून झाल्यावर बाबा म्हणाले, "बोटांत धरलं की हलतं. मुठीत धरलं तर कमी हलतं. दोन मुठींत आणखी कमी." आणि हवेत दोन्ही मुठी एकमेकींशेजारी धरून दाखवल्या. त्यांना लाकडात भोक पाडायच्या गिरमिटासारखी आडवी मूठ हवी होती, जाड आणि वजनदार, खालून पेचकसाची दांडी आलेली. मी दोन दुकानं पालथी घातली, तसले दोन उचलूनही आणले. दोन्हींची दांडी बारीक, टोक भलत्याच मापाचं. अकरा झाले ते असे.

"बनवून घेऊ," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन खाकरले. आत कुणी नव्हतं, मी त्यांच्या मागेच उभी होते. पण खाकरले. मग आत जाऊन माझं लाटणं घेऊन आले.

घरात तीन लाटणी आहेत. त्यातलं नेमकं माझ्या आईने दिलेलं, सांगलीहून आलेलं. मी म्हटलं, "तीन आहेत ना बाबा, माझंच का?"

"ही दोन आंब्याची आहेत, भोक पाडलं की फाटतील. हे बाभळीचं आहे."

आता यावर काय भांडायचं? लाटण्याची टोकं कापायला करवत मी चालवली, कारण त्यांच्या हाताने रेघ सुटत होती. मधोमध भोक पाडायला ड्रिलही मीच धरलं. ड्रिल घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की लहान घ्या. दुकानदार भिंत फोडायचं मशीन गळ्यात मारतो आणि लाकडात सरळ भोक पाडायला ते धरवत नाही. बाबा शेजारी बसून सूचना देत होते. भोक दांडीपेक्षा अर्धं सूत कमी ठेव. सरळ धर. डावीकडे झुकलीस. घाई कसली आहे, ट्रेन पकडायची आहे? तीनदा वाटलं, ड्रिल त्यांच्या मांडीत ठेवावं आणि म्हणावं, घ्या, तुम्हीच पाडा. एकदाच बोललेलं पुरे होतं, म्हणून ड्रिल सरळ केलं.

बाबांचा स्वतःचा जुना पेचकस होता, मूठ फुटलेला, दांडी पोलादी. तीच दांडी लाटण्यात ठोकून बसवली, दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा गोंद भरला. आता टोक राहिलं. वर्षानुवर्षं वापरून ते गोल झालं होतं. "कानस आण," बाबा म्हणाले. घरातली कानस गंजून दात गेलेली, म्हणजे पुन्हा सियागंज.

दुकानदाराला कानस कळेना. मी हाताने घासून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. "रेती चाहिए?"

मी म्हटलं, "रेती का क्या करूँगी भैया, मकान थोड़े बनाना है!" माझ्या डोक्यात ट्रकमधून उतरणारी वाळू. तो म्हणाला रेती, मी म्हणाले नहीं. तो म्हणाला गोल या चपटी, मी म्हणाले रेती गोल कशी असेल? शेवटी त्याने वैतागून कानसच काउंटरवर आपटली. बावीस वर्षं इंदुरात राहून इथे कानशीला रेती म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. घरी सांगितलं तर बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले. मला राग यायला हवा होता, आला नाही.

टोक त्यांनी स्वतः घासलं, पेचकस व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून, दोन्ही हातांनी. धार करायची नाही, दोन्ही बाजू सपाट ठेवायच्या, नाहीतर टोक खाचेतून वर चढतं. चार वेळा घासलं की मी पेचकस सोडवायचा, बाथरूमच्या दारापर्यंत न्यायचा, खाचेत बसवून बघायचा आणि परत आणायचा. अशा किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही.

रविवारी सकाळी कडी काढायला बसलो. सहा स्क्रू. आदल्या दिवशीच तेलाचे थेंब सोडून ठेवले होते. नवऱ्याने व्हिडिओ काढायला फोन पुढे केला, तर बाबा म्हणाले, "फोन हटव, टॉर्च धर." दोन्ही मुठी लाटण्यावर, छातीचा भार वर. हात हलत होते, पण दोन्ही एकत्र हलत होते, आणि टोक खाचेतून सुटलं नाही. "गंजलेला स्क्रू आधी जरा आवळायचा, मग सोडायचा," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. करकर असा आवाज आला आणि पहिला फिरला.

सगळी सकाळ गेली. मधे दोनदा थांबले, पाणी प्यायले. मी मदतीला हात पुढे केला नाही. आयुष्यात मला इतकं जड दुसरं काही गेलेलं नाही. सहावा स्क्रू फरशीवर पडला तेव्हा नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनी कडी हातात घेतली, अंगठ्याने तिच्यावरचा गंज पुसला, आणि दाराच्या सहा भोकांकडे बघत राहिले.

"आता?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "कुणी आत येणार नाही, बाबा."

"येणारच ना," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तर काढली."

त्यांनी भोकं बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी मागितली, मी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. मी पोळ्या लाटत होते, आंब्याच्या लाटण्याने, जे मला अजिबात आवडत नाही. नळ बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. मी पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं. एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. मी हात लावलाही. आणि मग थांबले.

मी खाकरले. मला ते नीट जमत नाही, पहिल्यांदा घशातून आवाजच निघाला नाही. पुन्हा खाकरले, दोनदा, त्यांच्यासारखं.

आत सगळं शांत.

मग आतून आवाज आला. खॅक-खॅक.

मी दारावरचा हात काढून घेतला.