चुनखडी, वाळू आणि विहारातली जुळवाजुळव

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी मुंबईत, समुद्रात तेल शोधणाऱ्या एका ऑफिसात भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून लागले होते. घर नाशिकला, सातपूरच्या कारखान्यांमागच्या आमच्या कॉलनीत. बाबा तिथल्याच एका कारखान्यात टर्नर. ‘समुद्रात विहिरी खणतात’ असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “का? तिथं पाणी कमी पडतं का?” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

ऑफिसात माझ्या वाट्याला चुनखडी आली होती. उथळ, उबदार, नितळ समुद्रात प्रवाळाचे बारके जीव पिढ्यान् पिढ्या घरावर घर बांधत जातात, त्याचा होतो तो खडक. त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर वर्ध्याकडचा एक तरुण होता. त्याच्या विहिरी किनाऱ्याजवळच्या, तिथे नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि चिखल. सगळे मला चुनेवाली आणि त्याला वाळूवाला म्हणत. साहेबांनी आम्हा दोघांना मिळून एक काम दिलं होतं: त्याच्या विहिरीतले थर आणि माझ्या विहिरीतले थर जुळवायचे. म्हणजे इकडचा कोणता थर तिकडच्या कोणत्या थराच्या काळातला, ते सांगायचं.

काम सोपं वाटलं होतं, पण आमचं भांडण जुंपलं. त्याचं म्हणणं असं की दोन्हीकडे जाड थर आहेत, वरून खाली मोजत या आणि जाडाला जाड जोडा.

“तुमची नदी गढूळ पाणी ओतत असताना माझे प्रवाळ जगले कसे?” मी विचारायची.

“मामाच्या गावी गेले असतील सुट्टीत,” तो म्हणायचा.

अशाने काम काय होणार? एका शुक्रवारी कँटीनमध्ये, भरल्या ताटावर, मी त्याला म्हणाले, “तुम्हाला खडकातलं ओ की ठो कळत नाही.” आणि तशीच तडक नाशिकची गाडी पकडली. सोमवारी साहेबांपुढे नकाशा ठेवायचा होता. नकाशा कोराच होता.

रविवारी सकाळी मी न्हाऊन ओट्यावर केस वाळवत बसले होते. बाबा ओव्हरटाइमला गेले होते. सायखेड्याहून आत्या आली होती, ती आईपुढे वांग्यांचा ढीग ओतून गावाकडच्या बातम्या सांगत होती. तेवढ्यात कॉलनीच्या तोंडाशी गलका झाला. बघते तर वाळूवाला! कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदाच्या लांब गुंडाळ्या, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. रिकाम्या हातानं कोणाकडे जाऊ नये असं त्याच्या आईनं शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं. कॉलनीला मात्र पुडा तेवढा दिसला.

“जयभीम,” तो दारात म्हणाला. मग आई आणि आत्यासमोरच मला म्हणाला, “मॅडम, मी दोन रात्री झोपलो नाही. तुम्ही बोलल्या, तेव्हापासून विचारच करून राहिलो.”

आत्यानं पदर तोंडाला लावला. आई आत गेली आणि कांदा चिरल्याचा आवाज यायला लागला.

मी घाबरून विचारलं, “कसला विचार?”

“माझ्या सगळ्यात जाड वाळूच्या खाली दरी कोरलेली आहे. नदीनं कोरलेली! समुद्राच्या तळाशी नदी दरी कशी कोरेल?”

झालं, मला पुढचं काही दिसेना. “दाखवा,” म्हणाले.

दाखवायला जागा हवी होती. विहिरीत यंत्र सोडून वर खेचलं की कागदाच्या पट्टीवर वेड्यावाकड्या रेघा उमटत जातात. त्या पट्टीला आम्ही लॉग म्हणतो. जेवढी खोल विहीर तेवढी लांब पट्टी. आमच्या पुढच्या खोलीत ती कॉटखालून फिरवून न्हाणीपर्यंत नेली असती तरी मावली नसती. मग मी म्हटलं, कॉलनीच्या विहारात चला. सकाळची वंदना आटोपली होती, सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती, फरशी स्वच्छ. आम्ही पट्ट्या सोडल्या. एकीकडे त्याच्या वाळूच्या, दुसरीकडे माझ्या चुनखडीच्या. त्याने माझ्याही पट्ट्या ऑफिसातल्या कपाटातून उचलून आणल्या होत्या, न विचारता. मागोमाग आत्या आली, आत्यामागे शेजारच्या बायका, त्यांच्यामागे सुट्टीवर असलेले पुरुष. ज्यांना काहीच करायला नव्हतं ते पट्ट्यांची टोकं उडू नयेत म्हणून धरून बसले. आई गरम पोहे घेऊन आली. आम्ही फरशीवर गुडघे टेकून रांगत होतो.

“लय शिकलेली दिसतात दोघं,” आत्या कोणाला तरी म्हणाली. “अंगानं बारीक हाय, पण कामाचा हाय.”

मी ऐकलं. पण डोक्यात शिरलं नाही, कारण माझं बोट माझ्या पट्टीवरच्या एका बारक्या खुणेवर थांबलं होतं. दोन जाड चुनखड्यांच्या मध्ये एक तांबडा पापुद्रा होता, बोटभरसुद्धा नाही. त्या जागेच्या खडकाचे तुकडे मी हाताळले होते. पापुद्र्याखालची चुनखडी खड्ड्याखड्ड्यांची, पावसानं खाल्ल्यासारखी. मी त्याची नोंद केली होती आणि पुढे गेले होते. एवढ्याशा थराला कोण विचारतं?

“पाऊस,” मी म्हणाले.

“कुठे?” तो खिडकीकडे बघायला लागला.

“इथे! माझ्या प्रवाळावर पाऊस पडला होता. उघडे पडले होते ते. पाणीच नव्हतं, समुद्र खाली गेला होता!”

तो गुडघ्यांवर बसला होता तो ताडकन उभा राहिला. “आणि समुद्र खाली गेला म्हणूनच नदी—”

“—दरी कोरत पुढे आली—”

“—आणि सगळी वाळू पार बाहेर नेऊन ओतली!”

इतके आठवडे आम्ही जाडाला जाड जोडायचं की नाही यावरून भांडत होतो. त्याची सगळ्यात जाड वाळू जुळत होती ती माझ्या त्या बोटभर पापुद्र्याला. समुद्र उतरला की नदी राबते आणि प्रवाळ उपाशी. समुद्र चढला की वाळू मागे किनाऱ्याला अडकून पडते, पाणी नितळ होतं आणि प्रवाळ जोमानं वाढतात. तेव्हा त्याच्या बाजूला साचतो नुसता काळा चिखल, तोही पातळ. त्याचं जाड ते माझं बारीक, माझं जाड ते त्याचं बारीक.

“बघा, बघा, इथे माझा काळा चिखल हाय!” तो ओरडला. घाईत त्यानं आमच्या आत्याची भाषा उचलली होती.

“आणि त्याच्यासमोर माझी जाड चुनखडी! खाली चला, खाली!”

आईच्या शिलाईच्या डब्यातलं निळं रीळ कोणीतरी धावत जाऊन आणलं. त्याच्या पट्टीपासून माझ्या पट्टीपर्यंत आम्ही धागे ताणायला लागलो. पापुद्र्याला वाळू, चिखलाला चुनखडी. प्रत्येक धागा बरोबर बसला की मला हसू फुटायचं, आणि मला हसताना पाहून त्याला. शेवटी आम्ही दोघं फरशीवर बसून, पोटं धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. कशाला हसतोय ते कोणाला ठाऊक नव्हतं, तरी सगळी कॉलनी आमच्याबरोबर हसत होती. ज्या गावात खणाल तिथे काळा दगडच लागतो, चुनखडी औषधाला सापडत नाही, तिथल्या फरशीवर एक आख्खा समुद्र चढत-उतरत होता. मला तर अंगाखालची फरशीच हलल्यासारखी वाटत होती.

आत्याला राहवेना. ती कमरेवर हात ठेवून पुढे आली. “मंग? जुळलं का नाय?”

“जुळलं!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्यानं पुडा फोडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला, दुसरा त्याच्या. शेजारच्या काकूंनी माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली. मी तोंडातला पेढा गिळत विचार करत होते, भूगर्भशास्त्राचं एवढं प्रेम आमच्या कॉलनीला कधीपासून?

तेवढ्यात बाबा दारात आले. अंगावर तेलकट कपडे, हातात डबा. गेटपासून इथपर्यंत चार जणांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “आधी सांगायचं होतंस गं. मी दाढी तरी केली असती.”

“कशासाठी?”

बाबांनी नजरेनंच वाळूवाल्याकडे दाखवलं. तो अर्धा पेढा हातात धरून उभा होता. मला एकदम सगळं कळलं: पोहे, पुडा, इस्त्री, दोन रात्रींची झोप. त्यालाही त्याच क्षणी कळलं असावं. कान लालबुंद झाले.

“काका, मी… मी तर दगडांसाठी आलो होतो,” तो म्हणाला.

आत्या फणकारली, “दगडासाठी कोणी येष्टीचे पैसे मोडून नाशकाला येतं का?”

मग जे हसू उसळलं ते काही आवरेना. बाबा भिंतीला टेकून हसत होते. मी तोंड लपवून हसत होते. तोही हसला, पण माझ्याकडे बघून मध्येच थांबला आणि मग खाली बघून धागे गुंडाळायला लागला. जरा जास्तच काळजीपूर्वक. मी मदतीला गेले तर दोघांचे हात त्याच एका धाग्यात गुंतले, आणि कॉलनीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळच्या बसनं आम्ही एकत्रच मुंबईला निघालो. कसारा घाट उतरेपर्यंत गुडघ्यांवर आडवा ठेवलेला नकाशा तेवढा दोघांनी मिळून रंगवला. बस वळली की त्याची पेन्सिल माझ्या समुद्रात घुसायची, तेव्हा “सॉरी” म्हणायचा.

सोमवारी साहेबांनी चष्म्यावरून नकाशा बघितला. “जाडाला बारीक? हे उलटं कसं?” म्हणाले. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी कचऱ्यातही टाकला नाही. थरांमधले सूक्ष्म शंख तपासून खरंखोटं करा, म्हणाले. ते शंख डोळ्यांना दिसतही नाहीत, पण कोणत्या काळात कोणत्या जातीचे होते ते ठाऊक असतं. त्यामुळे दोन्हीकडे एकच जात सापडली की काळ एक. समुद्राच्या चढउतारावरून थर लावायच्या या पद्धतीला सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी असं भारदस्त नाव आहे, ते आमच्यापर्यंत पुढे काही वर्षांनी पोचलं. तेव्हा ऑफिसात तिला ‘नाशिक पद्धत’ म्हणून चिडवत.

शंखांचं उत्तर यायला पावसाळा सरला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोघांनाही बोलावलं आणि एकच सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. मी आधी बघितलं, मग त्यानं. दोन्हीकडे तेच इवलेसे, वळ्यावळ्यांचे शंख. सगळ्यात खालची एक जोडणी चुकली होती, ती माझी होती. बाकी सगळं बरोबर होतं. त्यानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. तसाच वाकून, काचेतल्या शंखांना विचारावं तसं म्हणाला, “मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला आलो तर चालेल? या वेळी दगडांसाठी नाही.”

मी म्हणाले, “चालेल. पण आधी बाबांना कळवा, त्यांना दाढी करायची असते.”

बाईंनी आमच्याकडे बघितलं, टेबलावरचं रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, “जा बाहेर दोघंही, मला काम आहे.” आम्ही जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आलो आणि कोणत्या दिशेला चाललोय ते न बघताच, भर दुपारच्या उन्हात, चालत सुटलो.