निरोपाची लांबलेली प्रार्थना
अत्यंत गंभीर निवेदन: चर्चच्या एका पाळकाची एसटी चुकवण्याचं पाप माझ्या नावावर आहे. परवा वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास आला आणि नवापूरकडचं आमचं डोंगरातलं गाव आठवलं. आमच्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या गोष्टी ऐकणाऱ्या, त्या गोष्टींची पुस्तकं लिहिणाऱ्या पाळकसाहेबांची दूर बदली झाली होती. निरोपाची प्रार्थना मी मुद्दाम सगळ्यांत लांबण लावणाऱ्या काकांकडे दिली, कारण प्रार्थना संपल्याशिवाय आमच्यात कुणी जागचं हलत नाही. काका शेळ्या, विहिरी, जावई, एकेकासाठी देवाकडे मागत राहिले. बाहेर एसटीने तीनदा हॉर्न वाजवला आणि ती निघून गेली. आज पाळकसाहेब नाहीत, त्यांची पुस्तकं तेवढी माझ्या उशाशी आहेत. तेव्हा मात्र ते डोळे मिटूनच मोठ्यांदा म्हणाले, “काका, थांबू नका, संध्याकाळचीही एक गाडी आहे!”